तारीख नको, नंबर सांगा

कोविडच्या साथीत, २०२० च्या मार्चनंतर, माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांपैकी बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य असायचं. शब्द थोडे इकडेतिकडे, अर्थ तोच: "पुढचं मलाच काही ठाऊक नाही, आणि शंभर-सव्वाशे माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत. त्यांना धीर कशाच्या जोरावर देऊ?" साथ ओसरली, पण हे वाक्य अजून ऐकू येतं. लांबलेली तैनाती असो की पुराची ड्युटी, निमित्त तेवढं बदलतं. म्हणून त्यांच्यापैकी एका मेजरसाहेबांची हकीकत इथे देते आहे. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत आणि अनेक भेटींतलं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

त्यांच्या हाताखाली एक कंपनी, म्हणजे शंभर-सव्वाशे जवानांची तुकडी होती. रजा बंद, आवाराबाहेर जाणं बंद, रजेवर गेलेले तिकडेच अडकलेले आणि इथे असलेल्यांवर दुप्पट ड्युटी. तक्रार मात्र झोपेची होती. रात्री दोनला उठून नवा आदेश आलाय का ते फोनवर बघायचं आणि मग पहाटेपर्यंत तसंच पडून राहायचं.

"रात्री दोनला नेमकी कसली भीती वाटते?"

"सकाळी फॉल-इनला, सगळे रांगेत उभे असताना, कोणीतरी विचारेल, साहेब, सुट्टी कधी उघडणार?"

"आजवर काय सांगत आलात?"

"आधी म्हटलं, पंधरा दिवस. मग महिनाअखेर. मग पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला नक्की. तिन्ही खोटं ठरलं." जरा थांबून ते म्हणाले, "आता कोणी विचारतच नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी सुटकेच्या सुरात सांगितलं. माझे कान तिथेच टवकारले. माणसं प्रश्न विचारायची थांबतात तेव्हा त्यांची काळजी मिटलेली नसते. त्यांनी उत्तर दुसरीकडे शोधायला सुरुवात केलेली असते, आणि बंद बराकीत दुसरीकडे म्हणजे व्हॉट्सॲपवर.

माझी कामाची रीत अशी की भावनेला हात घालण्याआधी तिच्याखालचा विचार उघड्यावर आणायचा. तो त्यांनी स्वतःच आणला. "कमांडरला माहीत असलं पाहिजे. नसेल तर तो कमांडर कसला?" लढाईच्या प्रशिक्षणात हा विचार अगदी योग्य आहे. गोळीबार चालू असताना अधिकारी घुटमळला तर माणसं जातात. पण तिथे हातात नकाशा असतो, लक्ष्य ठरलेलं असतं, आपलं बळ माहीत असतं. साथीत यातलं काहीच नव्हतं. आदेश वरून येत होते, आठवड्याला बदलत होते, आणि ते काढणाऱ्यांनाही पुढचा महिना दिसत नव्हता. अशा वेळी 'मला माहीत असायला हवं' हा हट्ट धरला की दोनच वाटा उरतात: खोटी तारीख द्यायची, नाहीतर गप्प बसायचं. मेजरसाहेब पहिली वाट चालून दुसरीवर आले होते.

मी त्यांना कागदावर दोन रकाने आखायला सांगितले. एकात आपल्या हातातलं, दुसऱ्यात हाताबाहेरचं. पुढच्या भेटीत त्यांनी कागद कॅमेऱ्यासमोर धरला. हाताबाहेरचा रकाना तुडुंब: रजा कधी उघडेल, चाचण्यांचे अहवाल, रेल्वे, गावाकडची आजारपणं. हातातल्या रकान्यात तीन ओळी: ड्युटी लावणं, मेसच्या वेळा, सफाई.

"डावी बाजू एवढी रिकामी का?"

"कारण जवानांना जे हवंय ते उजवीकडे आहे."

"हे त्यांनी सांगितलं, की तुम्ही धरून चाललात?"

यावर उत्तर नव्हतं. म्हणून आठवडाभराचं काम दिलं: कोणालाही समजवायचं नाही, फक्त सुभेदारसाहेबांना, म्हणजे जवानांमधूनच वर आलेल्या कंपनीतल्या ज्येष्ठ अधिकाऱ्यांना, विचारायचं, की रात्री बराकीत रजेबद्दल पोरं आपापसांत काय बोलतात.

पुढच्या वेळी मेजरसाहेबांचा चेहरा वेगळा होता. सुभेदारसाहेब म्हणाले होते, "साहेब, तारीख वरून येते हे पोरांनाही कळतं. तारखेचं भांडण नाही. सुट्टी उघडली की आधी कोण जाणार, यावर रात्रभर चालतं. तारीख नको, नंबर सांगा."

"आणि नंबर कोण लावतं?" मी विचारलं.

ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग कागद पुढे ओढून डाव्या रकान्यात लिहिलं: नंबर.

समुपदेशनात असा क्षण आला की आपण बोलू नये. त्या दिवशी मी बोलले नाही याचं मला समाधान आहे. माहितीच्या अभावावर दोन महिने झोप घालवलेल्या माणसाला तिथे उमगलं, की आपण चुकीच्या प्रश्नाचं उत्तर शोधत होतो. जवानाला साथीचं भविष्य नको होतं. आपल्यावर अन्याय होणार नाही, आपलं नाव कोणाच्या तरी मर्जीने खाली सरकणार नाही, एवढं त्याला हवं होतं. अनिश्चितता माणूस सोसतो. त्याला मोडतो तो पक्षपाताचा संशय. हे त्यानंतर मी अनेक अधिकाऱ्यांपुढे ठेवलं आहे, आणि ते दर वेळी लागू पडलं आहे.

यादी त्यांनी चार गटांत केली. पहिला गट घरी मृत्यू किंवा गंभीर आजार असलेल्यांचा. दुसरा, ज्यांच्या पत्नीची प्रसूती दीड महिन्यात आहे त्यांचा. तिसरा सगळ्यात मोठा: शेवटच्या रजेहून परतून किती दिवस झाले, जास्त दिवसवाला वर. चौथा लग्न, जमीन, घर अशा कामांचा. दिवस सारखे निघाले तर सगळ्यांसमोर चिठ्ठी. एका वेळी किती जणांना सोडता येईल तो आकडा वरून यायचा, क्रम मात्र आधीच फळ्यावर लागलेला. फळ्यावर नाव, नंबर आणि गट एवढंच. कारण लिहायचं नाही, कोणाच्या आईचा आजार वाचायला बराक जमता कामा नये. अधिकाऱ्यांची नावंही त्याच फळ्यावर.

अशी यादी कुठे मोडते तेही सांगते. कंपनी ऑफिसातला क्लार्क किंवा साहेबांचा ड्रायव्हर एकदा जरी गुपचूप वर सरकला, की फळा फुकट गेला. क्रम बदलावा लागतोच, घरून तार यावी तसा फोन येतो. पण बदल फॉल-इनला, सगळ्यांसमोर, कोणता गट बदलला ते सांगून करायचा. आणि ज्याचा नंबर खाली गेला त्याला ते आधी एकट्याला भेटून सांगायचं. फॉल-इनमध्ये पहिल्यांदा कळलं तर तो अपमान होतो.

मग रोजच्या बोलण्याकडे वळलो. संध्याकाळची ठरलेली वेळ, दहा मिनिटं, उघड्यावर, अंतर ठेवून. चारच गोष्टी: कालपासून काय बदललं, आज काय नक्की आहे, काय माहीत नाही, आणि पुढचं कधी सांगणार. तिसरी गोष्ट उच्चारताना मेजरसाहेबांची जीभ अडायची. आम्ही ते वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं: "रजा कधी उघडेल हे मला आज माहीत नाही. शुक्रवारी सहा वाजता जे कळलं असेल ते सांगीन, काही कळलं नसेल तर तेही सांगीन." शुक्रवारी सहाला काहीही कळलेलं नव्हतं. ते उभे राहिले आणि तेवढंच सांगितलं. त्यांच्या मते त्या संध्याकाळपासून लोक पुन्हा प्रश्न विचारू लागले. काही बातमी नाही म्हणून ती दहा मिनिटं टाळणं ही इथली नेहमीची चूक. बातमी नसलेल्या दिवशीच त्यांची खरी गरज असते. सोबत सुभेदारसाहेबांकडे एक वही दिली. दिवसभरात कानावर आलेली प्रत्येक अफवा त्यात लिहायची, सांगणाऱ्याचं नाव लिहायचं नाही, आणि संध्याकाळी वहीतल्या दोन-तीन वाचून खरं-खोटं सांगायचं.

झोप सुधारली, पण मनातला एक काटा नंतर बाहेर आला. रजेहून परतलेल्या चौघांना त्यांनी ताप तपासून बराकीत घेतलं होतं. ताप कोणालाच नव्हता. आठवड्यात त्याच बराकीत अकरा जण पॉझिटिव्ह निघाले.

"म्हणजे माझ्यामुळेच ना?"

इथे कोरड्या दिलाशाने काम होत नाही, वस्तुस्थिती लागते. २०२० मध्ये अमेरिकेच्या मरीन कोर या सैन्यदलातल्या नव्या रंगरुटांवर एक अभ्यास झाला. त्यात १,८४८ जण सहभागी होते. आधी घरी दोन आठवडे विलगीकरण, मग देखरेखीखाली आणखी दोन आठवडे. मास्क, अंतर, रोज ताप आणि लक्षणांची तपासणी, शिस्त कडक. तरीही त्या देखरेखीच्या काळात ५१ जण पॉझिटिव्ह आले, आणि त्यांच्यापैकी फक्त ५ जणांनी चाचणीच्या आधीच्या आठवड्यात काही लक्षण जाणवल्याचं सांगितलं होतं. रोजच्या लक्षण-तपासणीत एकही सापडला नाही. सगळे सापडले ते ठरलेल्या दिवशीच्या चाचणीत. संसर्ग पसरला तो एका खोलीत राहणाऱ्यांत आणि एकाच प्लॅटूनमध्ये, म्हणजे कंपनीतल्या एकाच छोट्या तुकडीत.

"आता मला सांगा," मी म्हटलं, "त्या सकाळी गेटवर तुमच्यापुढे कोणती माहिती होती, आणि तिच्यावर तुम्ही काय केलंत? आजची माहिती त्या सकाळच्या मेजरच्या खिशात घालून त्याची चौकशी करू नका."

निर्णय आणि परिणाम वेगळे तपासायचे, हा माझ्या कामाचा कणा आहे. निर्णय त्या वेळच्या माहितीवर तोलायचा. परिणामातून शिकायचं, पण त्यावरून स्वतःला शिक्षा ठोठावायची नाही. मेजरसाहेबांनी शिकून जे बदललं ते असं: परतणाऱ्यांचे आठ-दहाचे गट, एका गटाची एक खोली, एकच मेसची वेळ, एकच न्हाणीघर. गटात रिकामी खाट असली तरी नंतर आलेल्याला तिथे टाकायचं नाही, कारण तो आला की साऱ्या गटाचे विलगीकरणाचे १४ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागत. जागा कमी म्हणून केलेली ही एक सोय सगळं गणित बिघडवते, आणि तेरा दिवस काढलेल्या जवानाचा संताप अगदी रास्त असतो. खाटांत सहा फुटांचं अंतर, एकाचं डोकं जिकडे तिकडे शेजाऱ्याचे पाय, समोरासमोरच्या खिडक्या रात्रीही उघड्या. पहाऱ्याच्या जोड्या ठरलेल्या, रोज न बदलणाऱ्या. गार्ड बदलताना फोनचा रिसीव्हर, कोतात, म्हणजे शस्त्रागारात, हत्यार घेताना सहीचं पेन, या वस्तू सगळ्यांच्या हातून जातात. त्या पुसायचं काम नावानिशी एकाला दिलेलं असलं तरच होतं.

विलगीकरणातल्या जवानाला एकटेपणापेक्षा विसरलं जाण्याची धास्ती जास्त असते. सेक्शन कमांडरने, म्हणजे प्लॅटूनमधल्या त्याच्या छोट्या गटाच्या प्रमुखाने, रोज एकाच वेळी फोन करायचा: ताप आणि ऑक्सिजन किती, झोप लागली का, घरी बोलणं झालं का. ऑक्सिजन ९४ च्या खाली दिसला तर बोट गरम करून पुन्हा मोजायचा, आणि तरीही तेवढाच आला तर सकाळची वाट न बघता डॉक्टरला कळवायचं. बरा झाल्यावर लगेच धावायला लावायचं नाही. आधी चालणं, मग हळू धावणं, मग वजन घेऊन, निदान आठवडाभरात चढवत न्यायचं. छातीत दुखलं किंवा धडधड वाढली तर तिथेच थांबवून डॉक्टरकडे.

सगळ्यात अवघड प्रसंग दुसऱ्या लाटेत आला. एका जवानाचे वडील गेले आणि त्याला अंत्यविधीला पोहोचणं शक्य नव्हतं. मेजरसाहेबांनी रात्री फोन केला, "काय बोलू त्याच्याशी?" मी म्हटलं, थोडं बोला, जास्त बसा. बातमी स्वतः द्या, आडोशाला नेऊन, आणि 'गेले' हा शब्द स्पष्ट वापरा. अंत्यविधी व्हिडिओवर बघायचा की नाही ते त्याला ठरवू द्या. बघणार असेल तर चार्ज केलेला फोन, चांगलं नेटवर्क आणि शेजारी त्याच्याच गटातला एक सोबती हवा. पुढचे काही दिवस त्याला एकट्याला रात्रीच्या पहाऱ्यावर हत्यार देऊन उभं करू नका. पण बिनकामाचंही ठेवू नका, दिवसाचं, जोडीने करायचं काम द्या. तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि महिन्याने पुन्हा विचारपूस करा, कारण पहिल्या दिवशी सगळेच येतात. झोप पूर्ण उडाली, जेवण सुटलं, 'आता जगून काय' असं काही तोंडून आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या आणि तोवर एकटं सोडू नका.

रजा उघडली तेव्हा फळ्यावरच्या क्रमाने लोक गेले आणि कुरबूर झाली नाही. वाद निघाला तो परतल्यावरचे विलगीकरणाचे १४ दिवस रजेत धरायचे की ड्युटीत, यावरून. आता मी प्रत्येक अधिकाऱ्याला सांगते: याचं उत्तर वरून लेखी मागून घ्या, आणि पहिला जवान बॅग भरायच्या आधी ते नंबरांच्या शेजारी लावा.