हिवाळ्यात मेलेल्या जनावरावर येणारे प्राणी-पक्षी पाहायचे आहेत. पहाटेपासून बसतो, पण कावळ्यांशिवाय काहीच का दिसत नाही?

तुम्ही फार लवकर जाताय आणि बहुधा फार लवकर परत निघताय. माझे पहिले दोन हिवाळे असेच वाया गेले. अंधारात जाऊन कुडकुडत बसायचं, आठच्या सुमारास हातपाय आखडले की निघायचं, आणि अर्ध्या वाटेत मान वर केली तर गिधाडं घिरट्या घालतायत!

गिधाडाचं शरीर जड. नुसते पंख मारत त्याला फार वेळ उडता येत नाही, तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेवर ते तरंगतं. थंडीत ऊन उशिरा पडतं, जमीन त्याहून उशिरा तापते, तोवर ही मंडळी पंख पसरून ऊन खात बसलेली असतात. कावळ्याला असल्या हवेची गरज नाही, म्हणून तो पहिला. मग घारी. गिधाडांसाठी ऊन चांगलं चढेपर्यंत थांबा.

पण कावळ्यांना कंटाळू नका. खरी गंमत तिथेच आहे. ताज्या मढ्याजवळ कावळा किती घाबरतो ते बघा: दोन उड्या पुढे, एक टोच, लगेच मागे. प्राणी खरंच मेलाय की नाही, याची तो खात्री करून घेतो. जाड कातडं त्याच्या चोचीला फाटत नाही, म्हणून डोळ्यांसारख्या मऊ भागांपासून सुरुवात होते. बाकीच्यासाठी कोणीतरी दातवाला किंवा मोठ्या चोचीचा येऊन कातडं फाडेपर्यंत तो वाट पाहतो. तुम्हीही तेच करा.

थंडीचा एक फायदा आहे. माश्या, अळ्या आणि जिवाणू मंदावतात, मांस सावकाश कुजतं. उन्हाळ्यात अळ्या जे झपाट्याने संपवतात, ते आता बरेच दिवस टिकतं. म्हणून एकाच जागी रोज जा.

रात्री कोण येऊन गेलं ते ओल्या मातीत वाचता येतं. कोल्ह्या-कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, मांजरकुळात सहसा नाही. तरसाचे पुढचे पंजे मागच्यांपेक्षा मोठे असतात आणि हाडं खाल्ल्यामुळे त्याची विष्ठा वाळली की पांढरी पडते.

मढ्याला हात लावू नका, आणि दुर्बिणीतून दिसतंय तर जवळही जाऊ नका. पोटभर खाल्लेलं गिधाड घाबरलं तर हलकं व्हायला खाल्लेलं ओकतं; थंडीत ती त्याची मोठी हानी आहे. तुमच्याकडे गिधाडं अजिबातच नसतील तर दोष तुमच्या बैठकीचा नाही. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मढ्यातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी करतं, हे २००४ मध्ये उघड झालं. जनावरांसाठीच्या त्याच्या वापरावर २००६ मध्ये भारतात बंदी आली, पण तोवर दक्षिण आशियातली बहुतेक गिधाडं गेली होती. अशा ठिकाणी मढ्यावर भटकी कुत्रीच राज्य करतात. त्यांच्यापासून जपून, एकटे जाऊ नका.

आणि कावळे एकदम उडाले की सगळे आकाशात बघतात. तुम्ही खाली, झुडपांच्या कडेला बघा. माझा पहिला कोल्हा मला असाच दिसला. मी त्याला शोधत होतो तेव्हा तो बराच वेळ माझ्याकडेच बघत उभा असावा.