मराठी नव्याने शिकवताय? मग एवढंच करा

ताई, पहिल्या वर्षी मोजक्याच कविता घ्या, पण निवांत. बहिणाबाईंची सुगरणीची कविता घेतलीत तर आधी दोनदा मोठ्याने वाचा. खानदेशी बोलीचा ठेका मुलांच्या कानात बसू द्या. भावार्थ लगेच विचारू नका, मुलं गाईडमधलं उत्तर देतात. त्याऐवजी खोप्यातल्या पिल्लाच्या जागी राहून चार ओळी लिहायला सांगा.

पावसाळ्यात विहिरीकाठच्या बाभळीवरचे खोपे लांबूनच दाखवा. विणणारा पिवळ्या डोक्याचा नर असतो, हे मुलांनाच शोधू द्या, फार रंगतात!

नवे शिक्षक हमखास चुकतात ते इथे:
- कविता संपताच ‘झाडे लावा’चं भाषण
- मुलांच्या भावनांना गुण देणं

प्रकल्प-बिकल्प पुढच्या वर्षी. बिनधास्त सुरुवात करा, जमेल तुम्हाला.