गौरीचं पंचामृत आणि उडालेलं झाकण

प्रश्न : गौरी जेवणाच्या सकाळी घाई होती, म्हणून जेवणातल्या चिंचगुळाच्या पंचामृतासाठी चिंच कुकरमध्ये शिजवून गरमच मिक्सरला लावली. बटण फिरवताच झाकण उडालं. कोळ टाइल्सवर, पंख्यावर, ट्यूबलाइटवर आणि सासूबाईंच्या चष्म्यावर! काय फुटलं ते विचारायला खालच्या मजल्यावरचे शेजारी धावत आले. चुकलं काय?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आधी कुणाला भाजलं नाही ना, ते पाहा. चिंचेचा कोळ चिकट, पाण्यासारखा ओघळून जात नाही, कातडीवर बसून राहतो. भाजलेली जागा वीस मिनिटं नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरायची. बर्फ नको, टूथपेस्ट तर मुळीच नको. फोड आले किंवा डोळ्यात गेलं, तर डॉक्टरांकडेच जा.

आता झाकणाचं. पातं फिरलं की उकळता कोळ भांडंभर उसळतो. वरची हवा एकदम तापून फुगते, तिला वाफेची जोड मिळते, आणि रबरी रिंगच्या झाकणातून बाहेर पडायला वाट नसते. भांडं गळ्यापर्यंत भरलेलं आणि वेग थेट तीनवर असेल तर पहिल्याच फेऱ्याला झाकण जातं.

खरं सांगायचं तर चिंच मिक्सरला लावूच नये. चिंचोका चुकून राहिला तर त्याचं साल भरडलं जातं आणि कोळ तुरट होतो. मग कितीही गूळ घाला, तो तुरटपणा जिभेला लागतोच. लिंबाएवढे दोन गोळे, म्हणजे साधारण ५० ग्रॅम चिंच, दीड वाटी गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, हाताने कोळा, गाळून घ्या. आदल्या रात्री भिजवलीत तर सकाळची घाईच उरत नाही. मिक्सरशिवाय जमणारच नसेल तर कोळ पूर्ण गार करा, भांडं एक तृतीयांशच भरा, झाकणावर घडी घातलेलं फडकं दाबून धरा आणि थांबत थांबत फिरवा.

साफसफाईचं : पंखा आणि ट्यूबलाइट पुसण्याआधी मेन स्विच बंद करा. वाळलेला कोळ खरवडू नका. कोमट पाण्याचं फडकं पाच मिनिटं लावून ठेवलं की तो सुटतो. भिंतीला डिस्टेंपर असेल तर घासू नका, नुसतं टिपा. ओटा संगमरवरी असेल तर तो सगळ्यात आधी पुसा, कारण चिंचेच्या आम्लाने त्याची चकाकी जाऊन पांढुरके डाग पडतात आणि ते पाण्याने निघत नाहीत. ग्रॅनाइटला ही भीती नाही.

प्रश्न : चुलीवर छान होतं, पण पंगत बसेपर्यंत पंचामृताचा गोळा होतो. आणि मिरच्या कचकचीत राहतात.
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : दोन्ही दुखणी क्रमाची आहेत. आठ-दहा पानांसाठी दहा-बारा कमी तिखट हिरव्या मिरच्या, अर्धी वाटी तीळ, पाव वाटी शेंगदाणे, पाव वाटी सुक्या खोबऱ्याचे पातळ काप, वर सांगितलेला कोळ, पाऊण वाटी चिरलेला गूळ, दोन चमचे गोडा मसाला आणि मीठ घ्या. फोडणीत मोहरी, हिंग, हळद आणि मेथीदाणे, पण मेथीदाणे पाव चमचाच. ते काळे झाले तर सगळं कडू.

मिरच्यांचे तुकडे आणि खोबऱ्याचे काप फोडणीत टाका. मिरच्या पांढुरक्या, मऊ होईपर्यंत परता, मगच कोळ. आंबटात पडलेली कच्ची मिरची लवकर शिजत नाही, म्हणून ती कचकचते. कोळ पाच मिनिटं उकळला की गूळ, मसाला, मीठ. तीळ-दाण्याचं कूट शेवटी. तीळ भाजून पूर्ण गार झाल्यावरच कुटा. गरम असताना फिरवले तर तेल सुटून लगदा होतो आणि त्याच्या गुठळ्या कोळात मोडत नाहीत.

कूट पाणी पितं, आणि गार होताना गुळाचा पाकही दाटतो. म्हणून पळीवरून आमटीपेक्षा थोडं दाट, पण सहज ओघळतंय तेव्हाच गॅस बंद करा. चुलीवर पातळ वाटणारं पंचामृत पानात बरोबर बसतं. कूट घातल्यावर आच मंद हवी, कारण दाट रसाखाली अडकलेली वाफ फुटली की थेंब मनगटापर्यंत उडतात. गोळा झालाच, तर थोडं थोडं गरम पाणी घालून मंद आचेवर सैल करा, मग मीठ-गूळ पुन्हा चाखा. भांडं स्टीलचं घ्या. पितळी असेल तर कल्हई शाबूत हवी.

प्रश्न : सोसायटीच्या सत्यनारायणाला ‘पंचामृत आणा’ असा निरोप आला. आम्ही पातेलंभर मिरच्यांचं नेलं, आणि गुरुजी बघतच राहिले.
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : नाव एक, पदार्थ दोन. पूजेचं पंचामृत म्हणजे दूध, दही, तूप, मध आणि साखर. एक वाटी दुधाला अर्धी वाटी दही आणि बाकीचं चमचा-चमचा पुरतं. दही आंबट नको, आणि सगळं पूजेच्या थोडं आधीच मिसळा. चिंचगुळाचं पंचामृत जेवणातलं, पानाच्या डाव्या बाजूला वाढायचं. आंबट, गोड, खारट, तिखट आणि मेथीचा कडवटपणा, पाचही चवी त्यात असतात. तुमचं पातेलं वाया जात नाही. कोरड्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवलं तर आठवडाभर टिकतं. दुसऱ्या दिवशी ते मुरून आणखी चांगलं लागतं.