तालुक्याची माजी सैनिक संघटना नेमकं काय करते आणि पुढे टिकेल का?

तुमचा प्रश्न असा की वडील तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेत आहेत, पण 15 ऑगस्ट न् 26 जानेवारीचं झेंडावंदन सोडलं तर तिथे काही होताना दिसत नाही, आणि ही वयस्कर माणसं गेल्यावर संघटना राहील का. मी पारोळा तालुक्यातला, तोफखान्यातून हवालदार म्हणून 2013 ला पेन्शन आलो, आता आमच्याकडच्या संघटनेचा सचिव आहे, म्हणून जे रोज बघतो तेच सांगतो.

झेंडावंदन लोकांना दिसतं. खरं काम बाजाराच्या दिवशी चालतं, कारण त्या दिवशी खेड्यावरची माणसं तशीही तालुक्याला येतात, आणि येणाऱ्यांमध्ये जास्त करून बाया असतात, ज्यांचा फौजी वारला आहे. हातात एक प्लास्टिकची पिशवी, पिशवीत डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, बँकेचं पासबुक, मृत्यूचा दाखला, सगळं घडी पडून पडून फाटलेलं.

एक आजी आल्या होत्या बोरीकाठच्या गावाहून. फॅमिली पेन्शन चालूच झाली नव्हती, चौदा महिने. का, तर लग्न झालं तेव्हा युनिटच्या क्लार्कने पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे लग्न-मुलंबाळं यांची नोंद होते त्या फौजेच्या कागदावर, जे नाव ऐकलं ते हिंदीत लिहिलं, आधारवर वेगळं, पासबुकावर तिसरंच, आणि जन्मतारखेत पाच वर्षांचा फरक. बँकेतून त्यांना चार वेळा नुसतं परत पाठवलं, कोणी कागद हातात घेऊन काय चुकलंय तेही सांगितलं नाही. त्या मला म्हणाल्या, "मनं नाव खोटं शे का रे भाऊ?", म्हणजे माझं नाव खोटं आहे का. मला उत्तर देता आलं नाही. मग प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, धुळ्याला नाहीतर जळगावला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा सही शिक्का, तिथून रेकॉर्ड ऑफिस, आणि रेकॉर्ड ऑफिस ज्याच्या त्याच्या रेजिमेंटप्रमाणे, मराठा असेल तर बेळगाव, महार असेल तर मध्य प्रदेशातलं सागर, आमचं तोफखान्याचं नाशिकरोड. एकट्या बाईने हे कसं करायचं सांगा? मुलगा सुरतला मिलमध्ये, त्याला सुट्टी मिळत नाही. आमचे दोन जण तिच्यासोबत फिरले, तेव्हा झालं.

आता त्यात स्पर्श आलंय, म्हणजे फौजी पेन्शनची ऑनलाईन व्यवस्था. पेन्शन प्रयागराजच्या ऑफिसमधून थेट खात्यात येते, चांगलंच आहे ते, पण दरवर्षी हयातीचा दाखला ऑनलाईन द्यावा लागतो आणि ओटीपी जातो नातवाच्या जुन्या नंबरवर जो त्याने कधीच बंद केला. दाखला राहिला की पेन्शन थांबते, मग दोन महिन्यांनी किराणावाला उधार देत नाही तेव्हा घरच्यांना कळतं. नोव्हेंबरमध्ये आम्ही एक लॅपटॉप आणि बोटाचा ठसा घ्यायचं मशीन घेऊन गावोगाव जातो. म्हाताऱ्यांचे ठसे उमटत नाहीत हो, शेतात काम करून बोटं गुळगुळीत झालेली असतात, मग मोबाईलवर चेहरा दाखवून करावं लागतं.

आणि ज्यांना पेन्शनच नाही अशांचं तर कोणालाच माहिती नसतं. 15 वर्षं सर्व्हिस भरली नाही, घरच्या अडचणीने लवकर आले, आता वय 65 च्या वर. अशा हवालदार आणि त्याखालच्या माणसाला किंवा त्याच्या विधवेला केंद्रीय सैनिक बोर्डाची मदत असते, आधी महिन्याला 4000 होती, नोव्हेंबर 2025 पासून 8000 केली आहे. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जातो. घरपट्टी माफीची राज्याची योजना 2020 ची, तिचंही तसंच, ग्रामपंचायतीत आपण कागद घेऊन उभं राहिलं तरच मिळते. माहिती पोचवणं हेच अर्धं काम आहे, बाकी इसीएचएस म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या योजनेचं कार्ड, मुलांची शिष्यवृत्ती वगैरे चालूच असतं.

आता टिकेल का. खरं सांगतो, मला काळजी वाटते. आमच्या कार्यकारिणीत मी सगळ्यात लहान आणि मी पन्नाशीच्या पुढे. संघटना रजिस्टर आहे म्हणजे दरवर्षी ऑडिट, पदाधिकारी बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट. अध्यक्ष वारले, रिपोर्ट कोणी टाकला नाही, बँक म्हणते सही चालणार नाही, अशा संघटना कागदावरच राहतात. पैसा कमी पडून नाही, लिहिणारा माणूस नसल्यामुळे बंद पडतात.

म्हणून मी मीटिंगमध्ये दोन गोष्टी मांडतोय, दोन्हींवर वाद होतो. एक, वीरनारी म्हणजे शहिदांच्या पत्नी आणि फौजींच्या बायकांना नुसतं हळदीकुंकवाला आणि सत्काराला बोलवायचं नाही, कार्यकारिणीत घ्यायचं, मतदानाचा हक्क द्यायचा. जिने स्वतःची पेन्शन लढून मिळवली तिला फाईल माझ्यापेक्षा चांगली कळते. दुसरं अग्निवीरांचं. चार वर्षांच्या भरतीची ती अग्निपथ योजना जून 2022 ची, लष्कराची पहिली बॅच जानेवारी 2023 ला ट्रेनिंगला गेली, म्हणजे चार वर्षं धरली तर 2027 लागता लागता पोरं घरी यायला लागतील. जास्तीत जास्त 25 टक्के आत राहतील, बाकीचे सेवा निधीचे साधारण पावणेबारा लाख घेऊन येतील, पेन्शन नाही, आणि नियमाने त्यांना माजी सैनिकाचा दर्जाही नाही. आमचे काही जुने सुभेदार साहेब म्हणतात मग आपल्या संघटनेत कसे घेणार, घटनेत माजी सैनिकच लिहिलंय. मी म्हणतो घटना बदलू. सियाचीनला तोही गेला असेल ना, तीच थंडी खाल्ली ना त्याने. बावीस-तेवीस वर्षांचं पोरगं, हातात मोबाईल, कॉम्प्युटर येतो, आणि त्यालाही पुढच्या भरतीचे फॉर्म, कर्ज, पैसे कुठे ठेवायचे हे सांगायला कोणी पाहिजे. आम्हाला तो पाहिजे आणि त्याला आम्ही. अजून ठराव पास झालेला नाही, पुढच्या सर्वसाधारण सभेत परत ठेवणार आहे.

तुम्ही मदत करणार असाल तर देणगीपेक्षा महिन्यातून एक बाजाराचा दिवस द्या, लॅपटॉप घेऊन बसा. आणि त्याच्याआधी आज संध्याकाळी वडिलांचा पीपीओ काढा आणि त्यात आईचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का बघा. नसेल जुळत तर वडील आहेत तोवर त्यांच्या सहीने दुरुस्ती करून घ्या, नंतर फार हाल होतात.