इसाक की ग्योकेरेस, स्ट्रायकर म्हणून कोण भारी?

माझं मत इसाकला. दोघंही स्वीडनचे फुटबॉलपटू, दोघांनीही 2025 मध्ये क्लब बदलला. ग्योकेरेस स्पोर्टिंगकडून पोर्तुगालच्या लीगमध्ये एका हंगामात 39 गोल ठोकून इंग्लंडच्या आर्सेनलला आला. पण पोर्तुगालचा डिफेन्स वेगळा आणि इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा वेगळा, भावा! इसाकनं त्याच हंगामात न्यूकॅसलकडून 23 मारले, तेही इंग्लंडात. म्हणून तर लिव्हरपूलनं 12.5 कोटी पौंड मोजले.

ग्योकेरेस म्हणजे जणू आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर डिफेंडरला खांद्यानं रेटत पळणारा गडी. पेठेत निम्मी पोरं त्यालाच मत देतील. इसाक मात्र आधी गोलकीपरला बसवतो, मग निवांत कोपऱ्यात बॉल सरकवतो. फक्त हंगामाआधीचा सराव बुडवून सप्टेंबरात आला, तिथं गंडला.