माईसाठी कोणी काय केलं?

प्रिय सई,

तुझ्या माईआजीच्या तेराव्याला आपण व्हिडिओ कॉलवर होतो, तेव्हा आत्याआजीपासून शेजारच्या काकूंपर्यंत जो तो म्हणत होता, "माईंनी सगळ्यांसाठी किती केलं!" कॉल बंद झाल्यावर तू विचारलंस, "आणि तिच्यासाठी कोणी काय केलं?" तो प्रश्न मला लागला. रागाने नव्हे. माई चौऱ्याण्णव वर्षं जगली आणि इतक्या वर्षांत आमच्या घरात हे कोणी विचारलं नव्हतं, म्हणून.

तू तिला पाहिलंस ते पलंगावर, हातात जपमाळ घेऊन बसलेली. माझी माई सतत उभी असायची. पौष महिन्यात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरला दिंड्या जातात. पौष वद्य एकादशीला तिथे मोठी गर्दी असते. नगरकडून, येवला-निफाडकडून पायी आलेल्या कितीतरी दिंड्या पंचवटीतून पुढे जायच्या, आणि त्यातली एक ठरलेली दिंडी आमच्या वाड्यात दुपारच्या जेवणाला थांबायची. माई पहाटे तीनला उठून अंगणातली चूल पेटवायची. बाजरीच्या भाकऱ्या, पिठलं, मिरचीचा ठेचा. आम्हा पोरांचं काम तांब्याच्या बंबात चिपाड-लाकडं सारत राहायचं, कारण आलेल्या प्रत्येकाच्या पायावर कढत पाणी पडलंच पाहिजे.

एक म्हातारे बाबा आठवतात. टाचांच्या भेगांत माती जाऊन काळी पडली होती. माईने घंगाळात पाणी ओतलं, पाय चोळून धुतले, पदराने पुसले, भेगांत कोमट तेल भरलं. बाबा संकोचून "माउली, राहू द्या" म्हणत होते. पाय पुसून झाल्यावर माई त्यांच्या पाया पडली, तसे तेही वाकून तिच्या पाया पडले. वारकऱ्यांची रीतच ती. पण आजोबांसमोर, दिरांसमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या बाईच्या पाया एक म्हातारा माणूस पडतोय, हे मी डोळे फाडून बघत होते.

तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तिथे दिसतं. त्या दिवशी घरात कोणाचा शब्द चालायचा तर माईचा. आजोबासुद्धा "पाणी कुठे ठेवू?" असं तिला विचारायचे.

उरलेलं अर्धं उत्तर मात्र तुझ्या बाजूचं आहे. माई कधीच त्र्यंबकला पायी गेली नाही. पंचवटीपासून जेमतेम तीस किलोमीटर. एसटीने, मामाच्या गाडीने गेली, पण तिला चालत जायचं होतं आणि नेमके तेच दिवस चुलीपुढे जायचे. मी कॉलेजात असताना तिला विचारलं होतं. म्हणाली, "अगं, नाथांकडे जाणारे सगळे माझ्या दारावरून जातात. मी आणखी कुठे जाऊ?" ती खरंच तृप्त होती, की तिने मनाची समजूत घालून घेतली होती, हे मला अजून ठरवता येत नाही. तू विचारल्यापासून तर अजिबातच नाही.

आणखीही एक गोष्ट आहे. माईचा देव काळाराम. कार्तिकात काकड्याला ती अंधारात निघायची, मी झोपेतच तिचा पदर धरून मागे. त्याच मंदिराच्या दारात २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं वर्षानुवर्षं उभी राहिली, तरी दार उघडलं नाही. माईचा जन्म त्याच काळातला. घरात हा विषय कधी निघाला नाही, मी तो पुढे वाचला. दिंडीतल्या माणसाला माईने कधी जात विचारली नाही. पण तिचं सोवळं कडक होतं, आणि महिन्याचे चार दिवस मी बाजूला बसत होते. हे तुला न सांगता नुसतं पिठलं-भाकरीचं कौतुक ऐकवलं, तर ते अर्धवट होईल.

सिव्हिलच्या डब्यांबद्दल तुझा मामा तुला सांगेलच. सुरगाण्या-पेठकडचं कोणी नाशिकच्या सिव्हिल हॉस्पिटलात आलं आणि ते ओळखीतल्या ओळखीचं निघालं, की त्यांच्या सोबतच्या माणसाला आमच्याकडून डबा. पेशंटला नाही, सोबत्याला. "आजाऱ्याकडे सगळे बघतात, उशाशी बसलेला उपाशी राहतो," असं ती म्हणायची. माई देवावर बोलताना मला आठवत नाही. प्रवचनाला जायची, घरी येऊन त्यातलं काही सांगायची नाही, भाजी निवडायला बसायची.

म्हणून "तू हे कर, हे आपलं आहे" असं मी तुला म्हणणार नाही. इथे टोरांटोत देवापुढे दिवा लावते तो मला बरं वाटतं म्हणून. तू लावला नाहीस तरी माझं काही म्हणणं नाही. (थोडं आहे, पण ते माझ्यापाशी.)

मामीचा फोन आला होता. यंदाही दिंडी थांबणार आहे, फक्त भाकऱ्या आता गल्लीतल्या घराघरांतून येतात आणि बंब मामा पेटवतो. मी पौषात जाणार आहे. आधी मामीबरोबर वाढायचं, मग दिंडी निघाली की तिच्याबरोबर त्र्यंबकपर्यंत चालायचं. मामीलाही म्हटलंय, चल. भांडी मामा बघेल. ती पहिल्यांदा नाही म्हणाली, मग दुसऱ्या दिवशी तिनेच फोन करून बूट कसले घेऊ, असं विचारलं.

तेव्हा तुझी शाळा असेल, हे मला माहीत आहे. यावंसं वाटलं तर सांग, आठवड्याच्या रजेचं मी तुझ्या बाईंशी बोलेन. नाही वाटलं तरी चालेल.

तुझी,
आई