पाळण्याची कळ आणि दोन बोटांचा वाद

प्रश्न : मी कोल्हापूरचा असून आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. एका मनोरंजन उद्यानात राइड ऑपरेटरची नोकरी मिळत आहे. उद्यमनगरात टर्नर (लेथ यंत्रावर धातूकाम करणारे) असलेले वडील म्हणतात, ‘जत्रेतल्या पाळणेवाल्याचे काम करायला आयटीआय कशाला हवी होती?’ शिवाय काम बघायला गेलो त्याच दिवशी उंचीच्या पट्टीला दोन बोटे कमी भरलेल्या मुलावरून त्याच्या वडिलांनी माझ्याशी वाद घातला. अशा वेळी काय करावे, आणि नोकरी घ्यावी का?

उत्तर : आधी दोन बोटांविषयी, कारण या कामाचे मर्म तिथेच आहे. बसणाऱ्याच्या मांडीवर येणारा आडवा दांडा ठरावीक बांध्याच्या शरीरासाठी घडवलेला असतो. लहान मूल मोठ्या माणसाशेजारी एकाच दांड्याखाली बसले, तर दांडा मोठ्याच्या मांडीवर अडतो आणि मुलाच्या पोटापुढे मोकळी जागा उरते. झोका उंच गेल्यावर मूल त्या फटीतून सरकू शकते. ‘मी धरून बसतो’ या आश्वासनाचा तिथे उपयोग नसतो, कारण त्या वेगात हाताची पकड टिकत नाही. म्हणून वाद न वाढवता पट्टी दाखवावी, नकार सौम्य पण ठाम ठेवावा, आणि तरीही गृहस्थ ऐकत नसतील तर पर्यवेक्षकाला बोलवावे, मात्र तोवर राइड सुरू करू नये.

आता बटणाविषयी, कारण हे काम नुसती कळ दाबण्याचे नाही. आकाशपाळण्यात एकापाठोपाठचे डबे भरत गेल्यास एक बाजू जड होऊन मोटरवर ताण येतो, म्हणून जाणता ऑपरेटर समोरासमोरचे डबे भरून तोल सांभाळतो. झुलती नाव, जिला जत्रेत कोलंबस म्हणतात, ती अनेक ठिकाणी तळाशी फिरणाऱ्या रबरी चाकाच्या घर्षणावर चालते. वीज गेली तर ती झुलत झुलत आपोआप थांबते, परंतु आकाशपाळण्यातील माणसे वरच अडकतात. त्यांना सावकाश उतरवण्याचा सराव तुम्हाला दिला जाणार आहे का, हे रुजू होण्यापूर्वीच विचारा. सकाळी रिकाम्या फेऱ्या कोण घेतो, तपासणीच्या वहीत सही कोणाची असते, आणि दुरुस्ती चालू असताना मुख्य स्विचची किल्ली खरोखर दुरुस्ती करणाऱ्याच्याच खिशात राहते का, हेही विचारा. उत्तरे गोलमोल मिळाली, तर पगार चांगला असला तरी ती जागा मला पसंत पडणार नाही.

गैरसोयी आहेतच. दिवाळीत आणि मे महिन्याच्या सुटीत इतरांची मौज हीच तुमची पाळी असते, रविवारची सुटी जवळजवळ विसरावी लागते आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्यावरच्या राइड बंद राहिल्या की पाळ्या कमी होतात. अशा महिन्यांत पगार कसा देणार, हे नेमणूकपत्रात लिहून घ्या. वर्षभर ऑपरेटर राहून देखभाल विभागात जाण्याची संधी असेल, तर इलेक्ट्रिशियनचे शिक्षणही वाया जाणार नाही.

वडिलांशी वाद घालत बसू नका. व्यवस्थापनाची परवानगी काढून त्यांना एखाद्या सकाळी रिकाम्या फेरीच्या वेळी कुंपणाबाहेर उभे करा. टर्नरच्या कानाला कुरकुरणारे बेअरिंग तुमच्याआधी ऐकू येईल, आणि ते ऐकणे हे तुमच्या कामातच मोडते हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.